जुनवानीचे ऊन आणि विद्यापीठाची इमारत

दुर्ग-भिलाईचा पट्टा सुमारे २१.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे; कर्कवृत्त तिथून सव्वादोन अंश उत्तरेला राहते. त्यामुळे वर्षातून दोन दिवस, २७ मे आणि १६ जुलैच्या आगेमागे, या पट्ट्यातल्या जुनवानी गावात मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच विरते. जुलैमधला दिवस बहुधा ढगांत जातो. मेमधला मात्र नवतपात पडतो. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की पुढचे नऊ दिवस नवतपाचे, हे विदर्भातून भिलाईत येऊन स्थिरावलेल्या घरांना समजावून सांगावे लागत नाही. छत्तीसगढी शेजारीही त्याला नौतपाच म्हणतो. पंचांगातला हा नवतपा आणि सूर्याची भूमिती इथे एकाच आठवड्यात भेटतात. या अक्षांशावरची इमारत कशी असावी याचा अर्धा निर्णय त्या भेटीतच झालेला आहे: उन्हाळ्यातले ऊन इथे दक्षिणेच्या भिंतीवर जवळजवळ पडतच नाही, ते छतावर पडते.

गेल्या पंचवीस वर्षांत जुनवानी आणि तिच्या शेजारची गावे शिक्षणसंस्थांचा पट्टा बनली आहेत. श्री शंकराचार्य समूहाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९९ पासून जुनवानीत आहे. तिथून जवळच कुटेलाभाटा इथे आयआयटी भिलाईचा कायमचा परिसर उभा राहिला आणि २० फेब्रुवारी २०२४ रोजी त्याचे लोकार्पण झाले. कुटेलाभाटा या नावातच जमिनीची जात सांगितलेली आहे. छत्तीसगढात 'भाटा' म्हणजे लाल, मुरमाड, पाणी न धरणारी उंचवट्याची जमीन. अशा जमिनीवर आधीची झाडी विरळ असते, आणि उघडा मुरूम दिवसभर तापून संध्याकाळी ती उष्णता परत सोडतो. म्हणजे इमारतीला वरून ऊन आणि खालून झळ, दोन्हींचा विचार करावा लागतो.

परिसरातली वीज वाचवण्याला एक क्रम आहे आणि तो उलटा केला की पैसा वाया जातो. आधी उष्णता आत येऊ द्यायची नाही. आलेली वाऱ्याने बाहेर काढायची. तरीही उरलेल्या गरजेसाठी कमी वीज खाणारी यंत्रे घ्यायची. आणि त्यानंतर जी वीज लागेल ती शक्य तेवढी आपल्या छतावर निर्माण करायची. बहुतेक संस्था यातली शेवटची पायरी पहिली चढतात. कारण समजण्यासारखे आहे. सौर तक्ते रस्त्यावरून दिसतात, त्यांचे उद्घाटन करता येते, वार्षिक अहवालात छायाचित्र छापता येते. छताच्या लादीवर घातलेला उष्णतारोधक थर कुणालाच दिसत नाही. पण वर्षभराचे वीजबिल त्या न दिसणाऱ्या थरावर जास्त अवलंबून असते.

इमारतीचा लांब अक्ष पूर्व-पश्चिम ठेवावा हा नियम जुना आहे, पण तो का, हे आकड्यांत पाहिले की पटते. २१ डिसेंबरला जुनवानीत मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर ६० सेंटिमीटरचा छज्जा असेल तर त्या वेळी त्याची सावली खिडकीवर जेमतेम ६० सेंटिमीटर उतरते; बाकीच्या काचेतून हिवाळ्याचे हवेहवेसे ऊन आत येते. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी तोच सूर्य जवळजवळ ६९ अंशांवर असतो आणि त्याच छज्ज्याची सावली दीड मीटर खाली पोचते. मेअखेरीस भिंत पूर्णच सावलीत जाते. एकदा बांधलेला, वीज न खाणारा, बटण नसलेला काँक्रीटचा एक पत्रा ऋतूप्रमाणे आपोआप ऊन आत घेतो आणि बाहेर ठेवतो.

पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या भिंतींवर हे जमत नाही. तिथले ऊन कलते असते, ते छज्ज्याच्या खालून आत शिरते. पश्चिमेकडे तोंड केलेली दोन चौरस मीटरची साधी काच मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास जवळजवळ एक किलोवॉट उष्णता आत सोडते. म्हणजे खिडकीपाशी एक विजेची शेगडी पेटवून ठेवल्यासारखेच. म्हणून पश्चिमेला वर्ग काढू नयेत. जिने, स्वच्छतागृहे, सामानाच्या खोल्या, लिफ्टचा चौक तिकडे न्यावा. उत्तरेची बाजू निर्धोक समजली जाते, पण या अक्षांशावर तेही पूर्ण खरे नाही. जूनमध्ये सूर्य पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेला सरकून उगवतो आणि तितकाच उत्तरेला सरकून मावळतो, त्यामुळे सकाळी आणि सायंकाळी उत्तरेच्या भिंतीलाही ऊन लागते. तिथे आडव्या छज्ज्यापेक्षा खिडकीच्या दोन्ही अंगांना उभ्या पट्ट्या उपयोगी पडतात. हा छोटा तपशील नकाशावर दाखवायला खर्च येत नाही, आणि तरी तो फार थोड्या नकाशांत सापडतो.

छताचा प्रश्न सर्वांत मोठा. मेच्या दुपारी आडव्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला ९०० वॉटच्या वर ऊन पडते, आणि करड्या सिमेंटची उघडी गच्ची ६० अंश सेल्सिअसच्या पुढे तापू शकते. पंधरा सेंटिमीटरच्या साध्या काँक्रीट स्लॅबचे यू-मूल्य, म्हणजे तापमानातल्या एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता जाते याचे माप, तीनच्या वर असते. ढोबळ हिशेब केला तर वरच्या मजल्यावरच्या ६० चौरस मीटरच्या वर्गात केवळ छतातून सहा किलोवॉटच्या आसपास उष्णता उतरते. एक टनाचे वातानुकूलन यंत्र साडेतीन किलोवॉट उष्णता उपसते. म्हणजे पावणेदोन टनांचे यंत्र फक्त छताशी झुंजण्यात खर्ची पडते. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने मोठ्या शैक्षणिक इमारतींच्या छतासाठी घातलेली मर्यादा ०.३३ आहे. ती पाळली तर तोच ओघ सहाशे वॉटवर येतो.

काँक्रीट उष्णता ताबडतोब सोडत नाही. तीन-चार तास धरून ठेवते. वर्गखोलीत याचा त्रास अर्धाच जाणवतो, कारण चार-पाच वाजता वर्ग रिकामे होतात. वसतिगृहात मात्र उलटे घडते. दुपारची उष्णता सायंकाळी सात-आठला, नेमकी मुले-मुली खोलीवर परतली की छतातून खाली यायला लागते. वरच्या मजल्यावरची खोली मध्यरात्रीपर्यंत निवत नाही, आणि मग पंख्याखाली ओला पंचा पांघरून अभ्यास करावा लागतो. वसतिगृहाचे छत वर्गांच्या छताआधी दुरुस्त करावे, असे म्हणण्याला हे पुरेसे कारण आहे.

उपाय महाग नाहीत. चुन्याचा पांढरा हात, पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी किंवा परावर्तक रंग यांपैकी काहीही चालते. संहिता शीतल छतासाठी किमान ०.६ परावर्तनाची अट घालते, म्हणजे पडलेल्या उन्हातला साठ टक्के भाग परत गेला पाहिजे. महाराष्ट्रात पावसाच्या गळतीसाठी सर्रास घालतात तो ब्रिकबॅट कोबा उष्णतेलाही थोडा अडवतो, पण तो एकटा पुरत नाही. त्याखाली फोमचा थर हवा. गच्चीवर उलटी मडकी मांडून त्यांवर कोबा घालण्याची जुनी रीत याच तत्त्वावर चालते, कारण मडक्यात कोंडलेली हवा उष्णता सहज वाहून नेत नाही. पांढऱ्या छताची एक अडचण आहे: ते मळते. औद्योगिक पट्ट्यातली धूळ आणि पावसाळ्यातले शेवाळ दोन वर्षांत त्याची चमक घालवतात, म्हणून होळीच्या आधी छत धुण्याचे काम देखभालीच्या वेळापत्रकात लिहिलेले असावे लागते.

आता आतली उष्णता. बसलेला माणूस शंभर वॉटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो. साठ विद्यार्थ्यांचा वर्ग म्हणजे सहा किलोवॉट, जवळजवळ तेवढीच जेवढी न झाकलेल्या छतातून येते. ती अडवता येत नाही, कारण वर्ग मुलांसाठीच आहे. ती वाऱ्यानेच न्यावी लागते. एका बाजूला मार्गिका आणि दुसऱ्या बाजूला खिडक्या, असा एकेरी रांगेचा वर्ग समोरासमोरच्या झडपांतून वाहता राहतो. मधोमध अंधारा बोळ आणि दोन्हींकडे वर्ग, अशी दुहेरी रांग बांधायला स्वस्त पडते आणि जन्मभर पंखे-दिवे मागत राहते. उजेडाचेही तसेच आहे. खिडकीच्या वरच्या कडेची जेवढी उंची, तिच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंतच दिवसाचा उजेड वाचण्याजोगा पोचतो. वरची कड २.४ मीटरवर असेल तर सहा मीटरपलीकडच्या बाकांवर दिवसाही दिवा लागणार. वर्ग त्याहून खोल असेल तर दोन्ही भिंतींना खिडक्या हव्यात, किंवा खिडकी छतापर्यंत न्यावी.

किती थंडावा पुरेसा, याचे उत्तर भारतीय माणसांना विचारूनच मिळायला हवे होते आणि ते बऱ्याच उशिरा विचारले गेले. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने पाच शहरांतल्या सोळा कार्यालयीन इमारतींत तीन ऋतूंत माणसांना प्रत्यक्ष प्रश्न केले आणि सहा हजारांहून अधिक उत्तरांवरून भारतीय अनुकूली सुखतेचे सूत्र बसवले. राष्ट्रीय इमारत संहितेने २०१६ मध्ये आणि ऊर्जा संहितेने २०१७ मध्ये ते स्वीकारले. उघड्या खिडक्यांच्या इमारतीत सुखद तापमान म्हणजे बाहेरच्या सरासरी तापमानाची ०.५४ पट अधिक १२.८३. भिलाईच्या मे महिन्यात दिवस-रात्रीची सरासरी ३५ धरली तर हे उत्तर पावणेबत्तीस अंश येते. खिडक्या आणि वातानुकूलन दोन्ही असलेल्या इमारतीसाठी गुणक ०.२८ आणि अधिक १७.८७, उत्तर पावणेअठ्ठावीसच्या आसपास. सभागृहात यंत्र १८ वर लावून मे महिन्यात शाल पांघरण्याची जी पद्धत पडली आहे तिला शरीराचा आधार नाही, केवळ सवयीचा आहे. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या सांगण्याप्रमाणे नियंत्रक एक अंशाने वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-यंत्रे सुरू होताना २४ अंशांवरच सुरू होतात ती या हिशेबामुळेच.

कूलरकडे शहरी वास्तुविशारद कमीपणाने पाहतात, हे बरे नाही. नागपूर ते रायपूर या सगळ्या पट्ट्याचा उन्हाळा कोरडा असतो आणि कोरड्या हवेत पाणी उडून जाताना जो गारवा देते त्याला तोड नाही. तापमान ४३ अंश आणि आर्द्रता वीस टक्के असेल तर ओल्या गोळ्याच्या तापमापकावर २५ च्या आसपास आकडा दिसतो. चांगला कूलर त्या दिशेने ऐंशी टक्के अंतर कापतो आणि २८-२९ अंशांची हवा देतो. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडणारे जुने वाडे हेच करत होते. खर्च फक्त पंख्याचा आणि पाण्याच्या छोट्या पंपाचा. तेवढ्याच जागेसाठी वातानुकूलन यंत्र त्याच्या कित्येक पट वीज मागते. अर्थात हे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतच. मृगाचा पाऊस आला, आर्द्रता ऐंशीच्या वर गेली की कूलर नुसता दमटपणा वाढवतो, आणि मग मोकळी हवा व पंखा हेच खरे साधन उरते. जुनवानीचे हवामान 'संमिश्र' वर्गात मोडते ते यासाठीच: कोरडा भट्टीसारखा उन्हाळा, ओला पावसाळा आणि सौम्य थंडी, तिन्ही एकाच इमारतीला सोसायचे असतात. ज्या परिसरात पाण्याची टंचाई आहे तिथे कूलरचे पाणीही हिशेबात धरले पाहिजे. वसतिगृहाचे प्रक्रिया केलेले सांडपाणी बागेला देऊन वाचलेले स्वच्छ पाणी कूलरला देता येते.

जिथे वातानुकूलन टाळता येत नाही, म्हणजे सर्व्हरची खोली, काही प्रयोगशाळा, मोठे सभागृह, तिथेही पर्याय आहेत. चार मीटर खोलीवर जमिनीचे तापमान वर्षभर स्थानिक वार्षिक सरासरीच्या आसपास राहते. तिथे पुरलेल्या नळातून हवा फिरवून आत घेता येते. टेरी या ऊर्जा-संशोधन संस्थेच्या गुडगावजवळच्या ग्वाल पहाडी इथल्या रिट्रीट इमारतीत असा भूमिगत हवामार्ग आहे. दुसरा मार्ग हवेऐवजी पाण्याने थंडावा पोचवण्याचा. इन्फोसिसने हैदराबादच्या पोचारम परिसरात एकाच इमारतीचे दोन सारखे भाग केले; एकात नेहमीचे वातानुकूलन, दुसऱ्यात छताच्या काँक्रीटमध्ये बसवलेल्या नळ्यांतून थंड पाणी. दोन्हींचे मीटर वेगळे ठेवले. पाण्याने गार होणाऱ्या भागाला वातानुकूलनासाठी सुमारे एकतृतीयांश वीज कमी लागली. हा प्रयोग विद्यापीठांनी मनावर घेण्याजोगा आहे, यंत्रणेसाठी तर आहेच, पण त्याहून जास्त त्यातल्या प्रामाणिकपणासाठी: दावा करण्याआधी शेजारी शेजारी मोजमाप.

विद्यापीठाच्या परिसराची रचना हवामानाप्रमाणे करण्याची परंपरा भारतात नवी नाही, आणि तिच्यात एका मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. सिंधुदुर्गातल्या आचरा इथे १९१६ मध्ये जन्मलेले अच्युत कानविंदे मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, पुढे हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकून आले आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस आयआयटी कानपूरच्या परिसराच्या कामाला लागले. कानपूरचा उन्हाळा भिलाईच्या उन्हाळ्याचा सख्खा भाऊ. कानविंदे यांनी तिथे इमारतींना छप्पर असलेल्या पायवाटांनी जोडले, मोकळे चौक ठेवले, सावलीतून सावलीत जाता येईल असा परिसर आखला. मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीत त्यांनी उष्ण हवा वर खेचून बाहेर टाकणारे उंच बुरूज इमारतीच्या रूपाचाच भाग केले. त्यांच्याच नावाच्या संस्थेने पुढे आयआयटी कानपूरमध्ये पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकी केंद्राची इमारत केली, आणि 'गृह' या भारतीय मानांकनाखाली पंचतारांकित ठरलेली ती पहिली इमारत. कोकणातल्या पडवीत वाढलेल्या माणसाला सावलीचे मोल वेगळे शिकावे लागले नसेल. पडवी, ओटी आणि चौक हे शब्द आज मराठी घरबांधणीच्या जाहिरातींत सजावटीसाठी येतात. विद्यापीठाच्या मार्गिकेला ते कामाचे शब्द आहेत.

मराठी प्रदेशातले विद्यार्थीही या कामात मागे नाहीत. आयआयटी मुंबईच्या 'टीम शून्य'ने रचना संसदेच्या वास्तुकला अकादमीबरोबर उभारलेले सौरघर २०१४ मध्ये फ्रान्समधल्या व्हर्साय इथे युरोपीय सोलर डेकॅथलॉन स्पर्धेत उतरले. भारतातून त्या स्पर्धेत उतरलेला तो पहिला संघ. अभियंते आणि वास्तुविशारद एकत्र बसून घर आखतात तेव्हा काय घडते, याचा तो धडा होता. बहुतेक परिसरांत मात्र नकाशा पूर्ण झाल्यावर विद्युत अभियंत्याला बोलावले जाते, आणि तोवर खिडकी पश्चिमेला लागलेली असते.

बांधकाम साहित्याच्या बाबतीत भिलाई भाग्यवान आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पोलाद कारखान्याची पहिली धमनभट्टी पेटली, तेव्हापासून इथे स्लॅग, म्हणजे भट्टीतून निघणारी मळी, आहे. तो दळून सिमेंटमध्ये मिसळला की क्लिंकर कमी लागते, आणि क्लिंकर म्हणजे १४५० अंशांवर भाजलेला चुनखडक. भारतीय मानकानुसार स्लॅग सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्क्यांपर्यंत स्लॅग चालतो. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांच्या राखेच्या विटाही याच भागात सहज मिळतात. दोन्हींमुळे इमारत उभी राहण्याआधीच बरीच ऊर्जा वाचते.

झाडांकडे शोभा म्हणून पाहिले की चुका होतात. पश्चिमेच्या भिंतीला सावली हवी ती मार्च ते जून. साग आणि पळस त्याच महिन्यांत निष्पर्ण असतात. सागाची रांग लावून सावलीची वाट पाहणाऱ्याला ऐन उन्हाळ्यात काड्या दिसतात. कडुनिंब आणि करंज चैत्रात नवी पालवी धरतात. छत्तीसगढचा राज्यवृक्ष साल कधी पूर्ण उघडा पडत नाही. पश्चिमेला ही झाडे हवीत. आवारात दर दोन इमारतींमधली जागा सिमेंटच्या ठोकळ्यांनी बंद करण्याची हौस आवरली, गवत आणि सावली राखली, तर खिडकीतून येणारा वारा तरी भट्टीचा राहत नाही.

कायद्याची चौकट थोडक्यात सांगता येते. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. ऊर्जा दक्षता ब्यूरो १ मार्च २००२ पासून. इमारत संहिता २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली. शंभर किलोवॉट जोडभार किंवा १२० केव्हीए कंत्राटी मागणी असलेल्या व्यापारी आणि संस्थात्मक इमारतींना ती लागू होते, राज्याने अधिसूचना काढल्यानंतर. २०२२ च्या दुरुस्तीने कायद्याची व्याप्ती मोठ्या निवासी इमारतींपर्यंत नेली. संहिता ही किमान पातळी आहे. विद्यापीठाने तिच्या वरच्या दोन पायऱ्या, म्हणजे 'प्लस' आणि 'सुपर', डोळ्यांपुढे ठेवाव्यात, कारण विद्यापीठाची इमारत पन्नास वर्षे तोच मालक वापरणार असतो. बांधून विकणाऱ्याला जी काटकसर परवडते ती त्याला परवडत नाही.

यंत्रांत सर्वांत दुर्लक्षित यंत्र म्हणजे छताचा पंखा. जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या, मोटरचा पंखा तेवढाच वारा ३० वॉटमध्ये देतो. समजा, शंभर वर्ग आहेत, प्रत्येकात आठ पंखे, वर्षात दोनशे दिवस, रोज आठ तास. जुने पंखे ९६,००० युनिट खातील, नवे ३८,४००. वाचलेली ५७,६०० युनिट कोळशाच्या विजेत मोजली, दर युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर चाळीस टनांचा फरक. यात कुणाला उकाडा सहन करावा लागला नाही. दिव्यांची कथा आता जवळजवळ संपली आहे. चोकसह पन्नास वॉट घेणारी ट्यूब जिथे शिल्लक असेल तिथे वीस वॉटचा एलईडी लावणे, इतकेच उरले आहे. संगणक कक्षांत मेजावरच्या संगणकांऐवजी लॅपटॉप आणल्याने वीज अर्ध्याहून कमी लागते, आणि त्यांची उष्णता उपसण्याची वीजही वाचते.

एवढे झाल्यावर सौर तक्त्यांची पाळी येते. एका किलोवॉटला साधारण दहा चौरस मीटर गच्ची लागते आणि या भागात त्यातून वर्षाला चौदाशे-साडेचौदाशे युनिट मिळतात. तक्ते तापले की मात्र त्यांचे उत्पादन घटते. पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. ६५ अंशांवर तापलेला तक्ता सोळा टक्के कमी देतो, म्हणून तो गच्चीपासून उचलून, खालून वारा खेळेल असा बसवावा. त्याच्या सावलीने गच्चीही थोडी निवते. महाविद्यालयाला सौर वीज जुळते, कारण वर्ग दिवसा भरतात. वसतिगृहाला ती जुळत नाही. तिथे भार सायंकाळी सहानंतर चढतो, सूर्य मावळल्यावर. जुनवानीपासून दूर नसलेल्या राजनांदगावात हाच पेच मोठ्या प्रमाणावर सोडवलेला पाहायला मिळतो: १०० मेगावॉटचा सौर प्रकल्प आणि त्याला जोडलेली ४० मेगावॉट, १२० मेगावॉट-तास क्षमतेची बॅटरी, २०२४ मध्ये सुरू झालेली, दुपारची वीज साठवून रात्रीला देणारी. परिसराच्या पातळीवर आज बॅटरीपेक्षा स्वस्त मार्ग कामांच्या वेळा हलवण्याचा आहे. पाण्याच्या टाक्या पहाटे न भरता दुपारी भराव्यात, गिझरऐवजी सौर बंब असावा, कपडे धुण्याची यंत्रे दुपारी चालावीत. मागणीचा शिखर-आकडा खाली आला की कंत्राटी मागणीचा आकारही उतरतो.

मोजल्याशिवाय यातले काहीच टिकत नाही. बहुतेक परिसरांत उच्चदाब जोडणीवर एकच मीटर असतो. बिल लेखा विभागात येते, वीज विभागांत खर्च होते आणि दोघांची कधी गाठ पडत नाही. प्रत्येक इमारतीला उपमीटर लावला आणि दर महिन्याचा आकडा विभागप्रमुखाच्या टेबलावर आणि सूचनाफलकावर गेला, की ज्या प्रयोगशाळेचे यंत्र रात्रभर चालू राहते ती लगेच सापडते. आकडा महिन्याच्या बेरजेत पाहू नये, तासांत पाहावा. सर्वांत बोलका आकडा सुट्टीतल्या रात्री दोनचा. त्या वेळी परिसरात कुणी शिकत नाही, कुणी शिकवत नाही. जो भार दिसतो तो विसरलेल्या यंत्रांचा, गळक्या टाक्या भरत राहणाऱ्या पंपांचा, चालू ठेवलेल्या पाणी-थंडकांचा, गरजेपेक्षा मोठ्या आणि अर्धे रिकाम्या रोहित्रांचा. हा भार विनाकारण वीस किलोवॉट असेल तर वर्षाचे ८,७६० तास धरून १,७५,२०० युनिट होतात. तेवढी वीज छतावर निर्माण करायला सुमारे १२० किलोवॉटचे तक्ते आणि बाराशे चौरस मीटर गच्ची लागेल. रात्री दोन वाजता एक पहारेकरी आणि एक वीजतंत्री आठवडाभर मीटर वाचत इमारतीमागून इमारत फिरले, तर त्या वीस किलोवॉटचा बहुतेक भाग कुठे आहे हे कळते, आणि पुढच्या रात्री तो बंद करता येतो.